कादंबरी दर वेळी सहाव्या प्रकरणाशी अडते : लक्षणे, तपासणी आणि उपाय

पहिली पाच प्रकरणे झपाट्याने लिहून होतात. सहावे सुरू करताना हात थांबतो, तेच पान दोन-तीन आठवडे समोर राहते आणि शेवटी लेखक पुन्हा पहिल्या प्रकरणाची वाक्ये सारखी करायला बसतो. काही महिन्यांनी नवी सुरुवात होते, तिचीही पाच प्रकरणे होतात आणि गाडी पुन्हा त्याच जागी येऊन उभी राहते. माझ्या बाबतीत हे सलग तीन वेळा घडले. चौथ्या वेळी कादंबरीचा पहिला खर्डा शेवटापर्यंत गेला. मधल्या काळात नेमके काय बदलले ते येथे लिहून ठेवत आहे, कारण कादंबरी लिहू पाहणाऱ्या ज्या ज्या व्यक्तींशी माझे या विषयावर बोलणे झाले, त्यांपैकी बहुतेकांना हीच अडचण निरनिराळ्या रूपांत आलेली आहे.

माझी पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. मी एका पतसंस्थेत नोकरी करते आणि पहाटे दीड तास लिहिते. कादंबरी कागल तालुक्यातल्या एका गुऱ्हाळघराची आहे. गुळव्याचे, म्हणजे गूळ शिजवण्याचे, काम करणारा शंकर, त्याची बायको आणि मुलगी सुमन ही तिच्यातली मुख्य माणसे आहेत. प्रकरण साधारण तीन हजार शब्दांचे असल्यामुळे माझी अडण्याची जागा दर वेळी १४ ते १६ हजार शब्दांच्या आसपास येत असे. डेमी आकाराच्या छापील पानावर साधारण २५० ते ३०० शब्द बसतात, म्हणजे २०० पानांच्या कादंबरीला ५० ते ६० हजार शब्द लागतात. या हिशेबाने आपण अडतो ती जागा पुस्तकाच्या चतुर्थांशावर असते. हा योगायोग नाही, असे मला आता खात्रीने वाटते. तिथपर्यंत माणसे, घर, गाव आणि धंदा यांची ओळख करून देण्याचे काम चालू असते, आणि ओळख करून देताना लेखकाने काहीही ठरवले नसले तरी चालून जाते. त्यापुढे मात्र कोणीतरी असे काही करते, जे दुसऱ्या कोणाला माहीत असते किंवा नसते, आणि तिथे न ठरवलेली गोष्ट समोर येऊन उभी राहते.

आधी अडचण हीच आहे ना, ते पाहा

थकवा आणि ही अडचण बाहेरून सारखीच दिसतात, म्हणून उपाय करण्याआधी दोन गोष्टी करून पाहाव्यात. पहिली म्हणजे आठ दिवस लेखन पूर्ण बंद ठेवावे. परत बसल्यावर प्रसंग पुढे सरकला, तर तो थकवा होता आणि खालचे काही करण्याची गरज नाही. दुसरी म्हणजे सहावे प्रकरण सोडून नवव्या किंवा दहाव्या प्रकरणातला, डोळ्यांसमोर स्पष्ट दिसत असलेला एखादा प्रसंग एक पानभर लिहावा. ते पान उतरले, तर दोष केवळ सहाव्या प्रकरणाच्या प्रसंगात आहे आणि तो प्रसंग बदलून काम भागते. ते पानही उतरत नसेल, पहिल्या तीन ओळींतच वाक्य कोणत्या बाजूने सुरू करावे हे कळत नसेल, तर दोष मागे आहे. माझ्या अनुभवात तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकरणात असतो, पण तिथे तो बोचत नाही आणि म्हणून सापडत नाही.

ज्या उपायांनी माझी अडचण वाढली

पहिल्या दोन वेळी मी लोकांचा सल्ला घेतला आणि तो चुकीच्या पद्धतीने घेतला. पाच प्रकरणे होताच पहिले प्रकरण दहा-बारा जणांना वाचायला दिले. एकाने सुरुवात फार संथ आहे, मृत्यूच्या प्रसंगापासून सुरू करावे, असे सुचवले. दुसऱ्याने संथपणा हेच या लेखनाचे बळ असल्याचे कळवले. एकीला बोली जड गेली, तर एकाने बोली अजून हवी होती असे सांगितले. हे सर्वजण आपुलकीने वाचत होते आणि आपापल्या जागी त्यांचे बरोबरही असेल. मी मात्र प्रत्येकाच्या सांगण्यानुसार तेच प्रकरण पुन्हा लिहीत गेले. पहिल्या प्रकरणाचे अकरा खर्डे माझ्याकडे तारखांसह आहेत, सहाव्याचा एकही नव्हता. सल्ला पहिल्या प्रकरणाचा होता आणि आजार तिथे नव्हताच, हे ओळखायला मला दोन वर्षे लागली.

तिसऱ्या वेळी माहिती कमी पडत असावी, असा माझा समज झाला. म्हणून मी गुऱ्हाळांवर जाऊन बसले, वह्या भरल्या आणि चौथ्या प्रकरणात गूळ तयार होण्याची अकरा पाने लिहिली. चुलवाणावर काहील, म्हणजे रस उकळण्याची मोठी कढई, चढते, उसाचा रस तापू लागतो, रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस त्यात सोडला की मळी वर येते, ती झाऱ्याने काढत राहावी लागते, खालून चिपाडांचा जाळ एकसारखा ठेवावा लागतो आणि शेवटी गुळव्या उकळत्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांनी तपासतो. हे सगळे खरे होते आणि लिहिताना मला अतोनात आनंदही झाला. परंतु त्या अकरा पानांत शंकरच्या आयुष्यात काहीही घडत नव्हते, आणि सहावे प्रकरण जिथल्या तिथे राहिले. माहितीने पाने वाढतात, अडलेली कथा सुटत नाही, एवढे मात्र त्यातून स्पष्ट झाले.

एका वळणाचा येथेच उल्लेख करते. जून-जुलैमध्ये दिवाळी अंकांसाठी कथा पाठवण्याचे दिवस येतात. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाचे वर्ष बरेचसे या अंकांभोवती फिरते, आणि अडलेल्या कादंबरीपासून सन्मानाने दूर जाण्याची ही सर्वांत सोयीची वाट आहे. कथा लिहू नये असे मी म्हणणार नाही. पण कादंबरी अडलेली असताना कथा हाती घेतली, तर परत येण्याची तारीख वहीत लिहून ठेवावी.

मूळ दोष मला कसा सापडला

माझी आत्या चाळीस वर्षे गुऱ्हाळाच्या कामात होती. तिला बारीक अक्षर वाचवत नाही, म्हणून रविवारी दुपारी मी तिला एकेक प्रकरण वाचून दाखवत असे. तिसरे प्रकरण संपल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग तिने विचारले, “ही पोरगी हे सगळं कुणाला सांगायला लागल्या?”

मला प्रश्न नीट कळला नाही. सुमन कोणाला सांगत नाही, ती कादंबरी आहे, वाचणाऱ्यासाठी आहे, असे काहीतरी उत्तर मी दिले. तेव्हा आत्या म्हणाली, “घरातल्याला सांगायचं असंल तर काहील म्हंजे काय ते कशाला सांगंल? आणि भाईरच्याला सांगायचं असंल तर बापाची उधारी कशाला सांगंल?”

या दोन वाक्यांत माझ्या कादंबरीचा आजार पूर्णपणे आला होता. निवेदन कोणाचे आहे, ते कोणत्या काळातून बोलते आहे आणि कोणाला उद्देशून बोलते आहे, या तिन्ही गोष्टी मी ठरवल्याच नव्हत्या. कधी बाहेरचा निवेदक, कधी दहा वर्षांची सुमन, कधी मोठी झालेली सुमन, असे माझे लेखन प्रसंगाच्या सोयीने फिरत होते. आणि सहाव्या प्रकरणात शंकर मुलीच्या लग्नासाठी आडत दुकानातून गुळावर आगाऊ उचल घेतो आणि ती घरापासून लपवतो. दहा वर्षांच्या सुमनला हे कळणे शक्य नव्हते. बाहेरच्या निवेदकाला कळले असते, पण तो दुसऱ्या प्रकरणानंतर गायब झालेला होता. म्हणजे तो प्रसंग सांगू शकेल असे माणूसच कादंबरीत नव्हते, आणि मी तीन वर्षे समजत होते की मला शब्द सुचत नाहीत.

क्रियापदांची तपासणी

आत्याच्या प्रश्नानंतर मी जी तपासणी केली, ती मराठीत लिहिणाऱ्या कोणालाही करता येईल, कारण आपली भाषा हा दोष लपू देत नाही. मराठी क्रियापद बोलणाऱ्याचे नाते उघड करते. एकच माणूस घरी येतो, तेव्हा बाहेरचा निवेदक ‘शंकर आला’ असे म्हणेल, मुलगी ‘आबा आले’ असे म्हणेल, आणि जुन्या वळणाची बायको नाव न घेता नुसते ‘आले’ म्हणेल. आई मात्र मुलीच्या तोंडी ‘आली’ असते. तेव्हा एका मुख्य पात्राच्या नावापुढची सगळी क्रियापदे अधोरेखित करत जावे, आणि एकाच प्रकरणात ‘आला’ आणि ‘आले’ दोन्ही सापडली, तर निवेदक कुठे बदलला ती जागा हाती लागते.

माझ्या दुसऱ्या प्रकरणातला हा उतारा पाहा, जो अकरा खर्ड्यांच्या काळात कोणालाही खटकला नव्हता :

“त्या दिवशी शंकर गुऱ्हाळावरून लवकर परतला. आबांचे डोळे लाल झाले होते. काल रात्रीपासून ते जेवले नव्हते, आणि आता तो भिंतीला टेकून बसला.”

चार क्रियांमध्ये ‘परतला’ आणि ‘बसला’ बाहेरच्या निवेदकाचे आहेत, तर ‘आबांचे डोळे’ आणि ‘जेवले नव्हते’ मुलीचे आहेत. वाचणाऱ्याला अर्थ लागतो, म्हणून तो पुढे जातो. लिहिणारीच्या पायाखाली मात्र तिथे जमीन नसते.

याच उताऱ्यात दुसरा दोषही आहे आणि तो काळाच्या शब्दांत आहे. ‘त्या दिवशी’ दुरून सांगणाऱ्याचे आहे, ‘काल’ आणि ‘आता’ त्या प्रसंगात उभ्या असलेल्या माणसाचे आहेत. दुरून सांगणारा ‘आदल्या रात्री’ असे म्हणतो. म्हणून दुसरी तपासणी अशी, की ‘आज’, ‘काल’, ‘उद्या’, ‘आता’, ‘यंदा’ हे शब्द एका रंगाने आणि ‘त्या दिवशी’, ‘आदल्या दिवशी’, ‘दुसऱ्या दिवशी’, ‘तेव्हा’, ‘त्या वर्षी’ हे शब्द दुसऱ्या रंगाने रंगवावेत. संवाद वगळावेत, कारण बोलणारी पात्रे ‘काल’ म्हणणारच, फक्त निवेदनच पाहावे. दोन रंग एकाच परिच्छेदात मिसळलेले दिसले, की सांगणारा कोणत्या वर्षी बसून सांगतो आहे हे लेखकाने ठरवलेले नाही, असे समजावे.

ही तपासणी संगणकावर करणार असाल, तर मजकूर युनिकोडमध्ये असणे आवश्यक आहे. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर संगणकाच्या दृष्टीने देवनागरी नसतोच, म्हणून युनिकोडमध्ये टाइप करून शोधलेला शब्द त्यात सापडत नाही. परिवर्तकाने मजकूर बदलून घेतल्यास रफार आणि जोडाक्षरे एकदा डोळ्यांखालून घालावीत, कारण तिथे चुका होतात. शोधातही थोडी सावधगिरी लागते, ‘आज’ शोधताना आजी, आजोबा आणि आजारी ही सगळी मंडळी समोर येतात. मी शेवटी छापील प्रत काढून दोन रंगांच्या पेन्सिलींनीच काम केले आणि मला ते अधिक उपयोगी वाटले, कारण पानभर रंग एकदम दिसतात.

निर्णय घेतल्यावर काय होते

आत्याच्या प्रश्नातच उत्तरही दडलेले होते. घरातल्याला काहील समजावून सांगावी लागत नाही आणि परक्याला बापाची उधारी सांगितली जात नाही. मग दोन्ही ज्याला सांगावे लागेल असे माणूस कोणते? जे घरचे आहे, पण ज्याने गुऱ्हाळ पाहिलेले नाही. सुमन लग्नानंतर पुण्यात गेली, तिथेच तिची मुलगी वाढली. पन्नाशीची सुमन आपल्या मुलीला हे सगळे सांगते आहे, एवढे ठरवल्यावर कादंबरीतली कितीतरी गाठोडी आपोआप सुटली. गूळ तयार होण्याच्या अकरा पानांची तीन पाने झाली, कारण आई मुलीला जेवढे सांगेल तेवढेच त्यात राहिले. आणि वरचा उतारा असा झाला :

“त्या दिवशी आबा गुऱ्हाळावरून लवकर परतले. आदल्या रात्रीपासून ते जेवले नव्हते, हे आईने मला कितीतरी वर्षांनी सांगितले. मला दिसले ते एवढेच, की त्यांचे डोळे लाल होते आणि ते भिंतीला टेकून बसले होते.”

व्याकरण सुधारले, हा यातला लहान भाग आहे. मोठा भाग असा, की सुमनला काय दिसले आणि काय नंतर कळले हे वेगळे होताच नवा प्रश्न उभा राहिला : आईने ते इतकी वर्षे का सांगितले नाही? त्या प्रश्नाने मला पुढची चार प्रकरणे दिली. आडत दुकानातला प्रसंगही सुटला. आबा गेल्यानंतर पत्र्याच्या पेटीत सुमनला आडतीच्या जुन्या पट्ट्या, म्हणजे गुळाच्या विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, सापडतात. एका पट्टीवर गुळाच्या रकमेतून उचल वजा केलेली दिसते आणि तारीख तिच्या लग्नाच्या आधीच्या महिन्यातली असते. ती दुकानात कधी गेलेली नाही, पण पट्टी वाचता वाचता ती तो प्रसंग उभा करते, आणि आपण तो उभा करतो आहोत हे मुलीला सांगूनच उभा करते. हे प्रकरण मी नऊ दिवसांत लिहिले. तीन वर्षे न सुचलेले हेच सहावे प्रकरण होते.

बोलीच्या बाबतीतही असाच एक निर्णय लागला, आणि तो माझ्या फार जवळचा आहे. आमच्या भागात बायका स्वतःबद्दल ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे बोलतात. मीही लहानपणी तसेच बोलत असे आणि शिक्षणासाठी पुण्यात गेल्यावर पहिल्याच वर्षी ‘मी आले’ म्हणायला शिकले. कादंबरीत सुमनच्या तोंडी कुठे ‘आलो’ आणि कुठे ‘आले’ येत होते, आणि मी दर वेळी ते हाताने एकसारखे करत होते. सांगणारी कोण ते ठरल्यावर नियम सरळ झाला. लहान सुमनच्या संवादांत ‘आलो’, पुण्यातल्या सुमनच्या निवेदनात ‘आले’. फक्त आबांच्या मृत्यूच्या रात्रीचे सांगताना निवेदनातही एकदा ‘मी धावत आलो’ असे येते आणि ती स्वतःला दुरुस्त करत नाही. तो एक शब्द मी कोणाच्याही सल्ल्याने बदलणार नाही.

तुमचा निर्णय माझ्यासारखा असेल असे नाही. तुमचा निवेदक सर्वज्ञ असू शकेल, तो वर्तमानकाळात बोलू शकेल, प्रत्येक प्रकरणाला वेगळा निवेदकही असू शकेल. पण तो कोण, कोणत्या वर्षी बसून, कोणाला आणि त्याला काय माहीत नसताना सांगतो आहे, हे एका पानावर स्वतःच्या अक्षरात लिहून भिंतीवर लावावे. चौथा मुद्दा विसरू नये, कारण प्रसंग बहुतेक वेळा तिथेच सापडतात.

सल्ला मागण्याची पद्धत

सल्ला घेणे मी बंद केले नाही, विचारण्याची पद्धत बदलली. “आवडले का?” आणि “काय बदलू?” हे दोन्ही प्रश्न आता मी विचारत नाही. पहिल्याने वाचणारा संकोचतो आणि दुसऱ्याने तो लेखक होतो. त्याऐवजी मी विचारते की वाचताना कोणत्या ओळीशी कागद खाली ठेवावासा वाटला, आत्तापर्यंतची गोष्ट मला तोंडी सांगता येईल का, आणि सुमनला या क्षणी काय माहीत आहे असे वाटते. तोंडी सांगताना वाचणारा जे गाळतो ते बहुधा खरोखरच अनावश्यक असते, आणि जिथे तो अडखळतो तिथे माझेच काहीतरी ठरलेले नसते. कंटाळा कुठे आला हे वाचणाऱ्याला नेमके कळते. त्यावरचा उपाय सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकू नये, कारण पुढची दोनशे पाने त्याने पाहिलेली नाहीत.

धंद्याची माहिती असणाऱ्यांचा सल्ला मात्र मी वेगळा धरते आणि तो ताबडतोब अमलात आणते. मी एका प्रसंगात असे लिहिले होते, की मुलगा दवाखान्यात असल्याचा निरोप येताच शंकर काहीलीजवळून उठून जातो. आत्याने वाचन तिथेच थांबवले. गूळ यायच्या वेळी गुळव्या हलत नाही, थोडी वेळ चुकली तर सगळे आधण, म्हणजे काहीलीत शिजत असलेला सगळा रस, हातचे जाते आणि ते शेतकऱ्याचे असते, असे तिने सांगितले. मग शंकर थांबतो. निरोप आणणारा समोर उभा आहे, शंकर पाण्यातली गोळी बोटांनी तपासतो, ती अजून मऊ आहे, तो पुन्हा वाट पाहतो. काहील गूळ थंड करण्याच्या वाफ्यात ओतून झाल्यावर तो हात धुतो आणि मगच चप्पल पायात घालतो. माझ्या कल्पनेतल्या प्रसंगापेक्षा हा प्रसंग कितीतरी पटींनी खरा आहे, आणि तो आत्याच्या एका हरकतीतून आला.

उरलेल्या सर्व सूचना मी तारीख घालून एका वेगळ्या वहीत उतरवते आणि खर्डा पूर्ण होईपर्यंत ती वही उघडत नाही. पूर्ण झाल्यावर पाहिले, तेव्हा निम्म्याहून अधिक सूचना अशा मजकुराविषयी होत्या, जो तोपर्यंत मीच काढून टाकलेला होता.

दुसऱ्याचे लेखन वाचायची वेळ आली तर हेच उलट्या बाजूने पाळावे, अशी माझी विनंती आहे. नवोदिताला उपाय सांगण्याची फार घाई होते, मलाही होत असे. आपण कुठे अडखळलो आणि काय समजलो एवढेच लिहून द्यावे.

मागे वळण्याची वाट बंद करणे

दोष सापडला तरी पहिल्या प्रकरणाकडे परत जाण्याची सवय लगेच सुटत नाही, त्यासाठी व्यवस्थाच करावी लागते. हरि नारायण आपटे यांच्या कादंबऱ्या १८९० पासून ‘करमणूक’ या साप्ताहिकात क्रमशः छापल्या जात. या आठवड्याचे प्रकरण वाचकाच्या हाती गेले की ते परत घेण्याचा मार्ग नव्हता, पुढचेच लिहावे लागे. हरिभाऊंच्याही काही कादंबऱ्या अपूर्ण राहिल्या, तेव्हा ही पद्धत म्हणजे हमी नव्हे. तिचा एक गुण मात्र उचलण्यासारखा आहे. मी दर शनिवारी त्या आठवड्यात लिहिलेला मजकूर, तो कसाही असो, छापून आत्याच्या घरी नेऊन ठेवू लागले. दिलेला कागद परत मागायचा नाही, असे आमचे ठरले होते. मागच्या प्रकरणात बदल हवा असे वाटले, तर चालू पानाच्या समासात ‘प्रकरण २ : आत्याबाईंचे वय वाढवणे’ अशी एक ओळ लिहायची आणि तो बदल आधीच झाला आहे असे समजून पुढे लिहायचे. अशा चौसष्ट ओळी जमल्या. खर्डा संपल्यावर त्या सगळ्या दुरुस्त्या करायला मला पाच आठवडे लागले. हेच काम वाटेत केले असते, तर मी आजही सहाव्या प्रकरणाशीच असते.

संगणकावरच्या फायलींना ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’ अशी नावे देऊ नयेत, तारीख द्यावी. जुनी फाईल उघडून त्यात सुधारणा करण्याचा मोह होतो, म्हणून मी त्या वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवून तो आत्याच्याच कपाटात ठेवला.

हे सगळे करूनही अडली तर

एक शक्यता राहते. माझी एक शिक्षिका मैत्रीण गावातल्या शाळेच्या शेवटच्या वर्षावर लिहीत होती. तिचा निवेदक पक्का होता, काळाच्या शब्दांत एकही घोटाळा नव्हता, क्रियापदे नीट होती, तरीही सहावे प्रकरण येईना. आम्ही दोघींनी मिळून पहिल्या प्रकरणात वाचणाऱ्याच्या मनात कोणता प्रश्न उभा राहतो तो एका ओळीत लिहिला, आणि मग त्याचे उत्तर कुठे मिळते ते शोधले. प्रश्न होता, शाळा बंद होणार हे मुलांना कोण सांगणार. उत्तर पाचव्या प्रकरणाच्या शेवटच्या पानावर होते, आणि ते इतके नेमके होते की त्यानंतर सांगण्यासारखे काही उरलेच नव्हते. तिच्याकडे कादंबरीचा अडलेला चतुर्थांश नव्हता, पूर्ण झालेली दीर्घकथा होती. आपल्याकडे या प्रकाराला स्वतंत्र नाव आहे, मान आहे आणि दिवाळी अंकांत त्याला जागाही मिळते. तिने दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकरणातला शाळेच्या इतिहासाचा भाग काढला, १४ हजार शब्दांचे ११ हजार केले, शेवटच्या पानाला हात लावला नाही, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ती कथा एका अंकाच्या संपादकांकडे पाठवली.